पाठीच्या कण्यातील सुई



मुलाला मेंदूच्या आवरणाची सूज आल्याचा संशय असतो, पाठीतून पाणी काढून तपासावयाचे असते, आणि नेमक्या त्याच वेळी आजीबाई आडव्या येतात, "कण्यात सुई घातलीत तर पोर जन्माचे लुळे होईल!" हा प्रसंग आम्ही किती वेळा पाहिला, त्याची गणती नाही. त्या वादात जाणारे तास मुलाच्या जिवावर बेततात. तेव्हा ती सुई जाते तरी कोठे, एवढेच आज पाहू.

मानेत 7, छातीमागे 12 आणि कमरेत 5 मणके. त्यांच्या आतल्या बोगद्यात मज्जारज्जू असतो. पण बोगदा जितका लांब तितका रज्जू लांब नाही! गर्भ तीन महिन्यांचा असताना तो बोगदाभर असतो. पुढे हाडे भराभर वाढतात, रज्जू मागे पडतो. जन्माच्या वेळी त्याचे टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्याशी असते, मोठेपणी पहिल्या-दुसऱ्याच्या दरम्यान. त्याखाली उरतो मज्जातंतूंचा झुपका. शरीरशास्त्रज्ञांनी त्याला घोड्याच्या शेपटीचे नाव दिले आहे. आता दोन्ही हात कमरेवर ठेवा. तेथील हाडांच्या माथ्यांना जोडणारी रेघ साधारण चौथ्या मणक्यावरून जाते. सुई जाते ती तिच्या आसपास, रज्जूच्या टोकाखाली. तान्ह्या मुलात तर वरची फट वर्ज्यच. झुपक्यातले तंतू पाण्यातल्या शेवयांसारखे बहुधा बाजूला सरकतात.

1891 साली जर्मनीतील कील येथे क्विंके यांनी ही रीत रूढ केली. तेथेच 1898 साली ऑगस्ट बियर यांनी कण्यात कोकेन घालून कमरेखालचे अंग बधिर केले, आणि हौस अशी की स्वतःवरही प्रयोग करून घेतला! पिचकारी सुईला बसेना, पाणी वाहून गेले, आणि बियर कित्येक दिवस डोके धरून बसले. ती डोकेदुखी आजही काहींना होते. क्वचित रक्तस्राव वा जंतुसंसर्गही होतो, हे आम्ही लपवीत नाही. डोक्यातील दाब फार वाढला असेल किंवा रक्त गोठत नसेल, तर डॉक्टर स्वतःच हात आखडता घेतात. औषध मात्र त्यासाठी अडवीत नाहीत.

सुई घालताना पोराला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवावे लागते. म्हणजे मणक्यांतील फटी उघडतात. त्या वेळी त्याचा हात धरायला आजीबाई उशाशी असल्या, तर आम्हांला बरेच वाटते.