वयाएवढी बाटली

आज एका बाटलीची गोष्ट. माझा जन्म १९८२ चा आणि बोर्डोच्या रेड वाइनचं ते गाजलेलं साल. फ्रान्सहून येताना मित्राने त्याच सालची बाटली आणली. म्हणाला, "भावा, चाळिशीला फोडायची." २०२१ मध्ये कोरोनाने त्यालाच नेलं. मग हात लावायचं धाडस झालं नाही.

अशा वाइनला बारा-चौदा अंश लागतात. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात कुठून आणायचे? आमची फ्रीजमध्ये भाजीशेजारी आडवी पडून होती.

गेल्या महिन्यात ठरवलं, बस्स. गाळ खाली बसावा म्हणून आदल्या दिवशी बाटली उभी ठेवली. तरी बूच भुगा झालंच, मग चहाची गाळणी घेतली! पाच जण होतो, पण ग्लास सहा भरले. साडेसातशे मिली, प्रत्येकी सव्वाशे. तांबडा रस्सा नंतरसाठी ठेवला. त्या तिखटापुढे हिची चव कुठली कळणार?

रंग विटकरी, वास ओल्या मातीचा, सुकल्या फळांचा. अर्ध्या तासात तोही उतरला. एवढ्या जुन्या वाइनचं असंच होतं.

सहावा ग्लास आम्ही घोट-घोट वाटून घेतला. मंडळी, तुमच्याकडे अशी बाटली असेल तर मित्रांना आजच फोन करा. भेटू पुढच्या भागात!