नेट नसलेल्या संगणकाचा परवाना

पहाडगंजसारख्या गजबजलेल्या बाजारात एखाद्या लॉजचा हिशेबाचा संगणक व्हायरसच्या धास्तीनं नेटला जोडलेलाच नसतो. मग विकत घेतलेलं सॉफ्टवेअर सुरू कसं करायचं?

नेट असेल तर सॉफ्टवेअरसोबत मिळालेली किल्ली, म्हणजे प्रॉडक्ट की, टाकली की कंपनीचा सर्व्हर ती तपासतो आणि त्या संगणकाच्या नावे नोंदवतो. काम मिनिटभराचं.

नेट नसेल तर तीच नोंद आपल्याला हातानं पोचवावी लागते. पुण्याच्या काटकर बंधूंचं क्विक हील हे अँटिव्हायरस घ्या. प्रॉडक्ट की टाकल्यावर पडद्यावर इन्स्टॉलेशन नंबर दिसतो. तो कागदावर उतरवा, पुन्हा एकदा ताडून पाहा. एक अंक चुकला तरी काम अडतं. नेट असलेल्या दुसऱ्या संगणकावर कंपनीच्या ऑफलाइन नोंदणीच्या पानावर की आणि नंबर भरा. परवान्याची फाइल मिळेल. ती पेन ड्राइव्हवर घेऊन मूळ संगणकाला द्या. पेन ड्राइव्ह मात्र आधी तपासून घ्या, कारण नेट नसलेल्या संगणकात व्हायरस बहुधा याच वाटेनं शिरतो. पुढचे अपडेटही असेच न्यावे लागतात, आणि नेमकं तेच लोक विसरतात.

विंडोजच्या बाबतीत पडद्यावरचा लांबलचक क्रमांक कंपनीला कळवला की उत्तरादाखल ४८ अंक मिळतात, ते त्या संगणकात टाकायचे.

बाजारात कुणी परवान्याची तपासणी चुकवणारा ‘क्रॅक’ टाकून देतो म्हणाला तर साफ नकार द्या. त्यातूनही व्हायरस येतात. शिवाय बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.