‘काळी असली तरी’मधला ‘तरी’

(रत्नागिरीत विद्यार्थिनी आणि पालकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मुलींनो, आणि मुलींबरोबर आलेल्या आई-वडिलांनो,

आपल्याकडे मुलीचं कौतुक करताना एक वाक्य सर्रास ऐकू येतं. ‘काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे.’ किंवा, ‘रंगाने डावी आहे, पण शिकलेली आहे.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण मुलीला त्यातला ‘तरी’ बरोबर ऐकू येतो. तिला कळतं, की आपल्यात एक खोट आहे आणि बाकीच्या गुणांनी ती आयुष्यभर भरून काढायची आहे.

हा ‘तरी’ जन्माआधीच सुरू होतो. बाळ गोरं व्हावं म्हणून गरोदर बाईला केशराचं दूध देतात. मुलगी चालायला लागली की ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’. लग्नाच्या वेळी बायोडाट्यात उंची, शिक्षण आणि रंग: गोरा, निमगोरा, गव्हाळ. ‘सावळा’ लिहायचा धीर होत नाही, म्हणून सावळ्या मुलीही कागदावर गव्हाळ होतात. आखातात नोकरी करणाऱ्या मुलाला फोटो जातो, तोही मोबाइलवर उजळ करून. मुलाचा मात्र पगार विचारतात, रंग नाही.

मुलांना हे सगळं फार लवकर कळतं. १९४०च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पती-पत्नीने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. फरक फक्त रंगाचा. चांगली कोणती, असं विचारल्यावर बहुतेकांनी गोरी बाहुली दाखवली. इतक्या लहान वयात त्यांनी स्वतःला कमी ठरवलं होतं. आपल्या मुली काही वेगळ्या मातीच्या नाहीत.

या कमीपणावर मोठा धंदा उभा आहे. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली. २०२० मध्ये तिच्या नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. डबीवरचा शब्द बदलला, घरातला बदलला नाही. आणि काही क्रीम नुसत्या फसव्या नसतात, घातक असतात. अकोल्यात एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्या गोरं करणारी क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. स्टिरॉइडची मलमं तर मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणली जातात. महिनाभर चेहरा उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, पुरळ येतं, केस उगवतात, आणि मलम थांबवलं की आग होते. घटक न लिहिलेली डबी आणि चिठ्ठीशिवाय मिळालेलं मलम चेहऱ्याला लावू नका.

आता एका शब्दाकडे वळते. काळ्या मुलाला चिडवताना ‘हबशी’ म्हणतात. हबशी म्हणजे हबश देशाचा, आजच्या इथिओपियाचा माणूस. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर हबशीच होता. तो निजामशाहीचा कारभारी झाला आणि त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवलं. आपल्या याच किनाऱ्यावर मुरुडचा जंजिरा १९४८ पर्यंत सिद्दींकडे होता. पण माणसाला किंमत यायला किल्ला लागत नाही. म्हणून मला राजांपेक्षा एका बाईबद्दल सांगायचं आहे.

तिचं नाव बरका, म्हणजेच उम्मे ऐमन. हबशी बाई, पैगंबरांच्या वडिलांच्या घरातली गुलाम. पैगंबर सहा वर्षांचे असताना प्रवासात आई आमिना वारल्या, तेव्हा त्या पोरक्या मुलाला मक्केला परत आणलं ते हिने. पुढे पैगंबर तिला आपल्या आईनंतरची आई म्हणत. तिथे ‘काळी असली तरी’ नव्हतं. तिचा मुलगा उसामा विशीचाही नसेल, तेव्हा त्याला सैन्याचा सेनापती नेमलं आणि ज्येष्ठ सहाबींना त्याच्या हाताखाली दिलं. अबू जर यांनी एकाला त्याच्या काळ्या आईवरून हिणवलं, तेव्हा पैगंबरांनी त्यांना सुनावलं, की तुमच्यात अजून अज्ञानकाळ शिल्लक आहे. गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, हे अखेरच्या हजच्या प्रवचनातलं सूत्र आपण दरवर्षी ऐकतो. ते ऐकून घरी येतो आणि सुनेसाठी गोरी मुलगी शोधतो.

म्हणून पालकांना दोनच गोष्टी सांगते. बायोडाट्यातली रंगाची ओळ आजच काढा. पलीकडून कोणी विचारलंच, तर मुलाचा रंग विचारा. विषय तिथेच संपेल. आणि नातेवाइकांपैकी कोणी लेकीला रंगावरून बोललं, तर तिच्यासमोरच त्यांना थांबवा. नंतर खोलीत घेतलेली समजूत तिला पुरत नाही. आपल्या बाजूने कोणी बोललं, हे तिने स्वतः ऐकायला हवं.

मुलींनो, मिरकरवाडा बंदरावर दिवसभर उन्हात उभं राहून घर चालवणाऱ्या बायका तुम्ही रोज बघता. त्यांच्या हातांचा रंग कष्टाचा आहे, तुमचा आई-बापाकडून आलेला आहे. दोन्हींत माफी मागण्यासारखं काही नाही. खेळायला जा, पोहायला जा, वर्गाच्या फोटोत पुढे उभ्या राहा. ऊन लागलं तर लागू द्या.