डोळ्याच्या ऑपरेशनची तयारी ताटापासून



कापूस घरात आला, थंडी पडली की आपल्या उमरखेड भागात मोतीबिंदूच्या शिबिरांची विचारपूस सुरू होते. थंडीत डोळा लवकर बरा होतो, असं जुनी माणसं सांगतात. आता हे ऑपरेशन बाराही महिने होतं. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबायचीही गरज नाही. सुईत दोरा जात नाही, तुरीच्या डाळीतला खडा दिसत नाही, रात्री गाडीचा दिवा डोळ्यांसमोर फुटल्यासारखा दिसतो, एवढं झालं की डोळे दाखवायचे.

पण आज मी बोलणार आहे ते शुगर असलेल्या बायांशी. त्यांच्या बाबतीत बरेचदा असं होतं. शिबिरात नाव लागतं, सून पिशवी भरून देते, गाडी निघते. तिथे रक्त तपासलं की शुगर तीनशेच्या वर. डॉक्टर म्हणतात, “आधी शुगर खाली आणा, मग या.” बाई घरी परत. मग हरभरा काढायचा असतो, मग लग्नसराई, मग पेरणी. वर्ष जातं आणि डोळा तसाच. एखादी बाई अंधारात पायरी चुकून पडते आणि खुबा मोडून बसते.

म्हणून आजची मुख्य गोष्ट ही. ऑपरेशनसाठी शुगर आदल्या दोन दिवसांत उपाशी राहून उतरवायची नसते. ती महिना-दीड महिना आधीपासून, ताट बदलून आणि डॉक्टरांना सांगून, हळूहळू खाली आणायची असते.

शुगर एवढी का बघतात? डोळ्याच्या आत एक भिंग असतं, ते गढूळ झालं की मोतीबिंदू. शुगरमुळे तो लवकर येतो. ऑपरेशनमध्ये गढूळ भिंग काढून नवं बसवतात. शुगर फार चढलेली असली तर जखम भरायला वेळ लागतो आणि डोळ्यात जंतू शिरण्याची भीती वाढते. आत पू झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. डॉक्टर परत पाठवतात ते आपला डोळा वाचवायला.

दुसरंही एक आहे. शुगरने डोळ्याच्या मागचा पडदाही खराब होतो. भिंग नवं बसलं, पण पडदा खराब असला, तर स्वच्छ दिसत नाही. म्हणून ऑपरेशनआधी थेंब टाकून पडदा तपासला का, हे विचारून घ्या. पडद्याला आधीच इजा असेल तर शुगर झपाट्याने उतरवल्यानेही ती वाढू शकते. घाई नको म्हणते ती यासाठीच.

आता ताटाकडे येऊ. “मी तर गोड खातच नाही, नुसती ज्वारीची भाकरी खाते,” असं कितीतरी जणी म्हणतात. ज्वारी चांगलीच आहे. पण ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम पिष्ट असतं आणि पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. सात चमचे साखरेएवढा तो हिशेब. आपल्या भाकरी मोठ्या असतात. अशा तीन भाकरी, वर भात, आणि भाजी चमचाभर तोंडी लावायला. मग शुगर कशी उतरेल?

हे ताट उलटं करायचं. अर्धं ताट भाजी: मेथी, पालक, चवळी, घोळ, शेवग्याच्या शेंगा, वांगं, कारलं, दोडका, जे वावरात आणि बाजारात असेल ते. पाव ताट पोटाला आधार देणारं: घट्ट वरण, मोड आलेली मटकी, अंडी, मासे, पनीर, दही, मूठभर शेंगदाणे. सोयाबीन तर आपल्या शिवारात पिकतं, त्यात सगळ्या डाळींपेक्षा जास्त प्रथिनं. सोयावडीची भाजी करा. उरलेलं पाव ताट भाकरी किंवा भात, दोन्ही नाही. आधी भाजी खा, भाकरी शेवटी. झुणका बेसनाचाच असतो, म्हणून त्याच्याबरोबर भाकरी अर्धी. किडनीचा त्रास असेल तर डाळ, अंडी, मासे किती खायचे ते डॉक्टरांना विचारा.

चहाचाही हिशेब धरा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला आठ चमचे. गुळाचा चहा केला म्हणून फरक पडत नाही. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. एकादशी धरायचीच असेल तर ताक, दही, शेंगदाणे, काकडी यांवर धरा. पण औषध चालू असताना उपवास करायचा का, हे आधी विचारा.

आता नीट ऐका, कारण चूक इथेच होते. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेली दोनच वेळा जेवायची पद्धत आता गावागावांत माहीत आहे. तसं करा किंवा भाकरी कमी करा, पण शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या बाईने ते मनाने सुरू करू नये. जेवण निम्मं झालं आणि औषध तेवढंच राहिलं, तर शुगर एकदम पडते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांत हा धोका मोठा. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची खूण. बाई शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. त्या वेळी साखर हेच औषध. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं, ती चालू असताना भाकरी-भात फार कमी करणं किंवा उपाशी राहणं वेगळ्या कारणाने धोक्याचं आहे. म्हणून गोळ्यांची पाकिटंच डॉक्टरांपुढे ठेवा आणि म्हणा, “मी भाकरी कमी करते आहे, औषध किती घेऊ?”

तयारीचा क्रम असा ठेवा. आधी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर तपासा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही करून घ्या. आकडे वहीत लिहा. किती शुगर चालेल हे प्रत्येक दवाखाना सांगतो, त्याचा आकडा विचारून घ्या. ती अगदी निरोगी माणसासारखी लागत नाही. खाली आणि स्थिर लागते. दात दुखत असेल, गळू झालं असेल, डोळ्यातून चिकट पाणी येत असेल तर ते आधी दाखवा. रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका. ऑपरेशनच्या दिवशी काही दवाखाने उपाशी बोलावतात, काही हलकं खाऊ देतात. उपाशी यायचं असेल तर सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं का, हे आदल्या दिवशीच विचारा. “मला शुगर आहे, माझा नंबर लवकर लावा,” असं सांगायला लाजू नका.

ऑपरेशन झाल्यावर थेंब सांगितल्या वेळी, हात धुऊन टाका. डोळा चोळू नका. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत चुलीचा धूर, डोक्यावरून पाणी, कापसाची धूळ आणि ओझं टाळा. मध, गुलाबपाणी, एरंडेल काहीही डोळ्यात घालू नका. डोळा ठणकला, लाल झाला किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खर्चाची भीती बाळगू नका. अंधत्व रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होतं. आशाताईंना विचारा. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि आपल्याला जवळ पडणाऱ्या नांदेडला शंकरराव चव्हाण यांच्या नावाचं.

शेवटी बचत गटाला एक काम. पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की विचारा, कोणाला धूसर दिसतं आणि त्यांतल्या कोणाला शुगर आहे. त्यांची नावं लिहा, दर आठवड्याला आकडा विचारा, आणि ऑपरेशनच्या दिवशी कोण सोबत जाणार हेही ठरवा. घरात सगळ्यांचं झाल्यावर बाई स्वतःच्या डोळ्यांकडे बघते. या वेळी जरा आधी बघा.