इंदूर–मुंबई : हवेतले अंतर आणि आपले अंतर

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



मी बँकेतला कारकून. विमानशास्त्र मला येत नाही, हिशेब येतो. म्हणून इंदूर–मुंबई प्रवासाचा ताळेबंद आपल्यापुढे ठेवतो.

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर आहे. जेट विमान उंचीवर गेले की ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेग घेते. म्हणजे चाळीस मिनिटे पुरायला हवीत. मग वेळापत्रकात सव्वा तासाच्या वर वेळ का? कारण विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा वेळ त्यात धरतात. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. सहसा एका वेळी एकच वापरली जाते, आणि गर्दीच्या वेळी विमानाला घिरट्या घालाव्या लागतात.

आता घरापासूनचा वेळ मिळवा. विमानतळ गाठायला पाऊण तास, उड्डाणाआधी दीड तास, सामान हाती यायला अर्धा तास, पुढे ठाणे-डोंबिवलीला दीड तास. बेरीज साडेपाच तासांवर जाते.

तरीही रेल्वेपेक्षा हे लवकर. आपली अवंतिका एक्सप्रेस उज्जैन, रतलाम, वडोदरा, सुरत असा वळसा घेते. ५०० किलोमीटरचे सुमारे ८३० होतात आणि रात्र गाडीत जाते. पण ऐनवेळी, त्यातही दिवाळीत, चौघांचे विमान तिकीट किती घरांना परवडते? आणि विमान खानदेशावरून उडून जाते, तिथे उतरत नाही. आपल्यापैकी अनेकांचे सोयरे तर धुळे-मालेगावकडेच आहेत.

म्हणून तिसरा आकडा महत्त्वाचा. सप्टेंबर २००४ नव्हे, तर सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्थानके ३०, पूर्ण करण्याचे उद्दिष्ट २०२८-२९. मनमाड ते मुंबई साधारण २६० किलोमीटर. बेरीज सुमारे ५७०. म्हणजे विमानाच्या सरळ रेषेपेक्षा जेमतेम ७० जास्त, आणि आजच्या रेल्वेपेक्षा २६० कमी!

बंधुभगिनींनो, मंजुरी म्हणजे खात्यात जमा झालेली रक्कम नव्हे, हातात आलेला चेक आहे. तो वटला पाहिजे. आपले मत कोणत्याही पक्षाला असो, मत मागायला येणाऱ्याला तीन प्रश्न विचारा : जमीन किती ताब्यात आली? पैसा किती खर्च झाला? रूळ किती किलोमीटर पडले? उत्तर आकड्यांत मागा. मंडळानेही दर सहा महिन्यांनी खासदारांकडे लेखी विचारणा करावी, अशी सूचना मी मांडतो.