वाइनला चीजच कशाला? कोथिंबीर वडी आहे ना!

"आपलं जेवण तिखट, त्याला वाइन चालत नाही," असं खूप जण म्हणतात. आज तेच तपासूया, नाशिकच्या 'सुला'च्या तीन बाटल्या घेऊन. राजीव सामंतांनी आईच्या, म्हणजे सुलभाताईंच्या नावावरून हे नाव ठेवलं. २००० साली पहिली वाइन बाजारात आली.

पहिली, सोव्हिन्यों ब्लां. आंबटसर, हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास. सोबत कोथिंबीर वडी किंवा रवा लावून तळलेलं पापलेट. वरून लिंबू पिळल्यासारखं होतं, तोंडातला तेलकटपणा जातो.

दुसरी, शेनिन ब्लां. किंचित गोडसर. झणझणीत रस्सा असेल तर हीच घ्या, गोडीमुळे तिखट सौम्य लागतं.

तिसरी, शिराझ. इथे सांभाळा! लाल वाइनमधल्या टॅनिनने तोंड कोरडं पडतं, मिरची जास्तच झोंबते. तेव्हा ठेचा लांब ठेवा. कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं, बेताचं तिखट सुकं मटण करा. मस्त जमतं.

म्हणजे बघा, दोष आपल्या जेवणाचा नाही, चुकीच्या बाटलीचा. आणि हो, प्यायलात तर गाडीची चावी दुसऱ्याकडे द्या. तुमच्या घरच्या कुठल्या भाजीला जोडी शोधायची, कळवा. भेटू पुढच्या भागात!