कपाटातील पांढरे प्रवाळ



जिल्ह्याच्या निरनिराळ्या शाळांतून विज्ञान-अध्यापकांच्या या संमेलनासाठी मालवणच्या किनाऱ्यावर, ज्याच्या बांधकामाला १६६४ साली प्रारंभ झाला त्या सिंधुदुर्गाच्या समोर आपण जमलो आहोत. अशा ठिकाणी शिक्षणशास्त्रातील सर्वसाधारण प्रश्नांचा ऊहापोह करण्यापेक्षा, त्या तटाच्या पायथ्याशी पाण्याखाली जे जीवन नांदते आहे ते आपण आपल्या मुलांना कसे शिकवितो, किंबहुना शिकवितो की नाही, या एकाच प्रश्नावर बोलावे, असे मी ठरविले आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक काचेचे कपाट असेल. फॉर्मॅलिनमधला साप, पिवळी पडलेली समुद्रतारका आणि दोनचार शंख यांच्या शेजारी, कोणे एके काळी कोणी तरी शाळेला भेट दिलेला प्रवाळाचा एक पांढराशुभ्र तुकडा त्यात ठेवलेला असतो, आणि त्याच्याखाली सुवाच्य अक्षरांत ‘प्रवाळ’ अशी चिठ्ठी लावलेली असते. मीही असाच तुकडा हातात धरून अनेक वर्षे शिकविले. तो वर्गात फिरवावा, मुलांनी त्याच्या छिद्रांवरून बोट फिरवावे, पाठ्यपुस्तकातली व्याख्या दोनदा म्हणून घ्यावी आणि पुढच्या प्रकरणाकडे वळावे, असा माझा शिरस्ता होता. एके वर्षी मागच्या बाकावरचा, रापणकाराच्या घरातला एक मुलगा तो तुकडा बराच वेळ उलटसुलट पाहत राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, ह्यो मेलेलो आसा. जितो असलो तर ह्येचो रंग असो नाय.” त्या एका वाक्याने माझ्या अध्यापनाची दिशा बदलली, असे मी आज कृतज्ञतेने नमूद करतो. मी ज्याला नमुना म्हणत होतो ती अस्थी होती; आणि माझ्या हाताखालून गेलेल्या कित्येक मुलांनी प्रवाळ म्हणजे पांढऱ्या रंगाचा, जड, निर्जीव असा समुद्रातला दगड, ही समजूत आयुष्यभराची शिदोरी म्हणून बरोबर नेली होती.

या समजुतीचे मूळ खोल आहे. संस्कृत भाषेत ‘प्रवाल’ या एकाच शब्दाने कोवळी पालवीही दाखविली जाते आणि समुद्रातले पोवळेही. म्हणजे शब्द घडविणाऱ्यांना त्या लाल फांद्यांत अंकुराचा भास झाला होता. पुढे तेच पोवळे नवरत्नांत गेले, मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत बसले, आणि वैद्याच्या खलात घोटले जाऊन प्रवाळपिष्टी झाले. अशा रीतीने वनस्पती, रत्न आणि औषध अशी तीन रूपे घेऊन हा शब्द मुलांच्या कानी आधीच पोचलेला असतो; प्राणी हे त्याचे खरे रूप तेवढे पोचलेले नसते. अंगठीतले ते लाल पोवळे मुख्यत्वे भूमध्य समुद्रातल्या एका निराळ्या जातीचे असते आणि ते भिंती बांधीत नाही, हा खुलासाही पहिल्याच तासाला करावयास हवा.

मुलांना हा भ्रम सांगताना ओशाळे वाटू देण्याचे कारण नाही, कारण युरोपातले मोठमोठे विद्वानही त्यातच होते. अठराव्या शतकाच्या आरंभी मार्सिली या निसर्गाभ्यासकाने समुद्राच्या पाण्याच्या भांड्यात ताजे पोवळे ठेवले, तेव्हा त्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली त्याला दिसली, आणि पोवळे ही वनस्पती आहे हे सिद्ध झाले असे सर्वांनी मानले. पुढे पेसोनेल नावाच्या मार्सेय येथील वैद्याने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तीच ‘फुले’ चिकाटीने निरखिली; स्पर्श होताच ती मिटतात आणि त्यांचे वर्तन प्राण्याचे आहे, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळविले. त्याचे म्हणणे इतके विपरीत वाटले, की रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाने ते अकादमीपुढे मांडताना लेखकाची अपकीर्ती होऊ नये म्हणून त्याचे नावच झाकून ठेवले. पेसोनेलचे खरे होते हे मान्य होण्यास पुढे पंधराएक वर्षे जावी लागली. दोघांनी पाहिले ते दृश्य एकच होते; एकाने पाहून नाव दिले, दुसरा पाहत राहिला. निरीक्षण म्हणजे काय, हे शिकविण्यासाठी याहून उत्तम कथा माझ्या माहितीत नाही, आणि ती आपल्या पाठ्यक्रमात नसली तरी सांगण्यास कोणाची मनाई नाही.

भूगोलाच्या तासाला मुले अनुतट, रोधक आणि कंकणाकृती असे प्रवाळमंचांचे तीन प्रकार आकृत्यांसह पाठ करतात, आणि डार्विनने १८४२ साली मांडलेली उपपत्ती परीक्षेत लिहून पुरे गुणही मिळवितात. परंतु ज्याने ही सारी रचना केली तो जीव खातो काय, असे विचारले असता वर्ग स्तब्ध होतो. म्हणून माझा आग्रह असा, की आरंभ भिंतीपासून न करता त्या जीवापासून करावा. बहुधा काही मिलिमीटरांचा, पिशवीसारखा देह. वरच्या तोंडाभोवती शुंडकांचे कडे. खाली स्वतःच्याच देहातून स्रवलेल्या चुन्याचे आसन. आणि त्याच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवले. ही शैवले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात; यजमान त्यांना आसरा देतो व आपल्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये पुरवितो. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग मुख्यतः या शैवलांचा असतो. एकदा हे नाते मुलाच्या मनात ठसले, म्हणजे पुढचे पुष्कळसे त्याला स्वतःच्या तर्काने उमगते. प्रवाळभिंती उथळ व स्वच्छ पाण्यातच का, तर शैवलाला ऊन हवे म्हणून. पाणी गढूळ झाले तर प्रवाळाची उपासमार का, तेही याच कारणाने. आणि समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानाहून अंशभर जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर हा करार मोडतो, शैवले बाहेर टाकली जातात, आणि पारदर्शक झालेल्या देहातून खालचा चुना पांढरा दिसू लागतो. त्या क्षणी प्रवाळ मेलेले नसते, उपाशी असते. पाणी वेळेवर निवले तर ते पुन्हा रंग धरू शकते. कपाटातला तो तुकडा आता मी वर्गात काढतो तो एवढ्याचसाठी, की पांढरे होणे आणि मरणे यांत जी मुदत असते ती मुलांना समजावी. तुकडा एकच असावा आणि जुनाच असावा. भिंती बांधणारी प्रवाळे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शाळेसाठी म्हणूनही कोणी नवा तुकडा आणून देऊ लागला तर तो नम्रपणे नाकारला पाहिजे. चुन्यावर आम्ल टाकून वायूचे बुडबुडे दाखवावयाचे, तर आदल्या दिवशीच्या जेवणातली तिसऱ्यांची कवचे त्याला पुरेशी आहेत.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. दूरदर्शनवर आणि रंगीत पुस्तकांत मुले ऑस्ट्रेलियाच्या सुमारे २३०० किलोमीटर पसरलेल्या भिंतीची चित्रे पाहतात, आणि मग मालवणच्या खडकांवरची बसकी, मळकट तपकिरी प्रवाळे पाहून त्यांचा विरस होतो. हा विरस दूर करणे हे अध्यापकाचे काम आहे. पावसाळ्याचे चार महिने आपल्या समुद्रात गोड्या पाण्याचे आणि गाळाचे लोंढे येतात. त्या हलाखीत जी प्रवाळे टिकून राहिली ती चिवट आहेत, आणि चिवटपणाला ओबडधोबड रूप शोभूनच दिसते. घुमटाकार वाढणाऱ्या काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर चढतात. पाचवीतल्या मुलीला उभी करून तिची उंची फळ्यावर खडूने आखावी आणि सांगावे, की एवढ्या उंचीच्या प्रवाळाचा आरंभ तुझ्या पणजीच्याही आधी झाला असेल. आणि वरून टाकलेला होडीचा एक नांगर ते एका क्षणात फोडतो. मोठ्या मुलांना विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात बुडालेल्या त्या पठाराची गोष्ट सांगावी, ज्याला सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून आंग्रिया बँक हे नाव पडले आहे. त्याचा माथा पृष्ठभागाखाली वीसएक मीटरवर येतो, आणि किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्यामुळे तेथे प्रवाळाला निवळ पाणी लाभते. सरखेलांच्या पराक्रमाने भारावलेल्या मुलाला त्यांच्या नावाचे असे एक जिवंत पठार समुद्राखाली आहे हे कळते, तेव्हा त्याचे डोळे कसे होतात ते मी पाहिले आहे.

घाटाच्या पायथ्याच्या शाळांतून आलेले आपण काही जण मनात म्हणत असाल, की आमच्या मुलांना याचे काय? त्यांच्यासाठी माझी सूचना अशी. जुलै महिन्यात शाळेशेजारच्या वहाळाचे तांबडे पाणी काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी तळाशी बसलेल्या मातीचा थर पट्टीने मोजावा. सह्याद्रीच्या उतारावरची ही माती कर्ली नदीतून देवबागजवळ समुद्रात उतरते. डोंगर उघडा झाला, की बरणीतला थर जाड होतो; आणि तोच थर प्रवाळाच्या तोंडावर बसतो. कुडाळच्या मुलाने झाड राखले तर मालवणच्या समुद्रात ऊन पोचते. हे वाक्य काव्यासारखे वाटले तरी ते अक्षरशः खरे आहे.

आता ज्या विषयाला मला सर्वांत अधिक वेळ द्यावयाचा आहे त्याकडे वळतो. १९८७ साली सरकारने मालवणच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्या जाहीरनाम्याला येथील मच्छीमारांनी हरकत घेतली, आणि ती हरकत वर्षानुवर्षे राहिली. तिच्या गुणदोषांचा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे; परंतु आपल्या वर्गात बसलेल्या मुलाच्या घरी ‘अभयारण्य’ हा शब्द वडिलांची होडी हद्दीबाहेर काढणारा हुकूम म्हणून उच्चारला जातो, ही वस्तुस्थिती दृष्टिआड करून आपण त्याला संवर्धनाचा पाठ देऊ लागलो, तर त्या पाठात तो स्वतःच्या बापाविरुद्धची तक्रार ऐकतो आणि मान खाली घालतो. असे मी घडताना पाहिले आहे आणि त्याचे मला दुःख आहे. वास्तविक त्या घरात जे ज्ञान आहे ते आपल्या कोणत्याही पुस्तकात नाही. तांबोशी कोणत्या खडकाशी मिळते, हेकरू कोणत्या कपारीत राहतो, जाळे कोठे अडकून फाटते, हे ज्याला माहीत आहे त्याने समुद्रतळाचा नकाशा डोक्यात बाळगलेला असतो. समुद्राच्या तळाचा एक टक्काही प्रवाळभिंतींनी व्यापलेला नाही, तरी सागरी जातींपैकी सुमारे चतुर्थांश जातींना त्यांचा आसरा लागतो, हा आकडा मी सांगतो तेव्हा वर्गाला तो आकडा वाटतो. पण एखाद्याच्या आजोबांनी वर्गात येऊन, पूर्वी अमुक खडपाशी केवढे मासे मिळत आणि आज केवढे मिळतात हे हात पसरून दाखविले, म्हणजे त्याच आकड्याला देह येतो. अशा आजोबांना बोलवावे, त्यांना अध्यापकाच्या खुर्चीवर बसवावे, आणि त्यांची बोली प्रमाण भाषेत न उतरविता मुलांच्या वहीत जशीच्या तशी टिपून घ्यावी. ज्या मुलाच्या आजोबांचे शब्द शाळेच्या दप्तरी लागले, तो मुलगा पुढे किल्ल्याभोवती पर्यटकांची होडी चालवू लागला तर नांगर कोठे टाकावा याचा विचार आपण होऊन करील, असा माझा विश्वास आहे.

धोक्यांविषयी सांगताना आपला स्वर कसा असावा, याबद्दल थोडे बोलून थांबतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी भारताच्या समुद्रांत प्रवाळे पांढरी पडली; लक्षद्वीपसारख्या, ज्याची भूमीच प्रवाळाने घडविली आहे अशा बेटांनाही तो आघात सोसावा लागला. मन्नारच्या आखातातील २१ बेटांपैकी दोन बेटे, भोवतालचे प्रवाळ चुन्यासाठी खणून नेल्यावर, पाण्याखाली गेली. हे सांगितलेच पाहिजे. परंतु दहा वर्षांच्या मुलापुढे सगळा विनाशच मांडला, तर ते ऐकून घेते आणि पुन्हा विचारीत नाही. आधी ओळख व्हावी, मग चिंता यावी, हा क्रम मी पुष्कळ चुकांनंतर शिकलो. खडपावर एक तास घालविलेल्या मुलाला तापमानाचा आलेख दाखविला, तर ते आपण होऊन विचारते, “मग आमच्या इथल्याचं काय झालं?” या प्रश्नाची वाट पाहण्याइतका धीर आपल्याजवळ असावा.

उद्या पौर्णिमा आहे. तिथीची पाऊणपट करून भरतीची घटिका काढण्याचा हिशेब आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना येतो. तरुण अध्यापकांनी तो आज रात्री त्यांच्याकडून शिकून घ्यावा आणि उद्या येथल्या मच्छीमारांना विचारून त्याची रुजुवात करावी, कारण तो हिशेब मुंबईकडच्या पाण्याचा आहे. सायंकाळच्या सुकतीला आपण सर्व जण खडपावर जाणार आहोत. येथल्याच एका रापणकाराने वाट दाखविण्याचे कबूल केले आहे. पुढे ते चालतील आणि त्यांनी ठेवला त्याच दगडावर आपण पाय ठेवू. डबक्यांत उतरू नये, काही उचलू नये. एखाद्या डबक्याशी सावली न पाडता पुरेसा वेळ बसून राहिलात, तर बशीएवढी, तपकिरी, खडकाला चिकटून बसलेली एक वसाहत कदाचित आपल्याला दिसेल. आमच्या शाळेतला तो पांढरा तुकडा मी बरोबर आणला आहे. तो डबक्याच्या काठावर तिच्याशेजारी धरून पाहावा, अशी माझी इच्छा आहे.